विमानात हरपलेली पेटी

११ ऑगस्ट २०२५
आज भजन मंडळात नवी पेटी आली. मोठमाय वाजवाले बसली तं बेबीबाईनं तिचा हात धरला — "ऱ्हाऊ दे पुष्पाबाई, हे बी विमानात बसून जाईल!" सगळ्या बाया हासल्या. मी बी हासलो. मस्त बोल्ली!
मंग मोठमायकडे पाहिलं. टाळ घेऊन मागं जाऊन बसली. माह्या बाबाची मोठी वहिनी, तीस वर्सं पेटी वाजवनारी बाई.

१२ ऑगस्ट
मोठमाय सकाळीच दारात. "मोन्या, विमानवाल्याची केस पुन्हा उठवाची हाय. भंडाऱ्याले चाल."
दोन वर्सापयले ते मंडळाची पेटी दुरुस्तीले पुन्याले घेऊन गेली होती, तिच्या पोरीकडे, गुड्डीताईकडे. येताना जवायानं विमानाचं तिकीट काढून देलं. नागपुरात मोठमाय उतरली, पेटी नाई उतरली. कंपनी म्हने, देली. गाव म्हने, इकली!
पुन्याच्या मिस्तरीनं सगळं बसवलं होतं, एक पट्टी सोडून. तिसरी काळी. दाबली का पयले खर्र करते, मंग सूर देते. चौथीत होतो तवा मी तिच्यात टाचनी कोंबली होती. तवापासून.
तिनं भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात केस टाकली. पैसे नाई मांगतले. कंपनीनं एवढंच लिहून द्यावं का पेटी आमच्याजवळून हरपली. "तो कागद मंदिराच्या भितीले चिकटवीन," म्हने. अन् चार महिन्यानं स्वताच मागं घेतली.
काहून घेतली ते मले मालूम हाय. चांगलंच मालूम हाय.

१९ ऑगस्ट
भंडारा. वीरेंद्र वकील. चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
"बाई, पुरसिस तुमीच देली ना? 'माही तक्रार नाई' म्हनून सही करून?"
"हो."
"कायले?"
"कंपनीच्या साहेबाचा फोन आला होता. हिंदीतून. माताजी, आपकी पेटी मिल गयी है, सोमवार को घर आयेगी, आप केस वापस ले लीजिये."
वकील खुर्चीतून उठलाच! "मंग हे तं फसवून मागं घ्याले लावली! याच्यावर अर्ज टाकता येते. नंबर हाय का?"
मोठमायनं बटव्यातून चिठ्ठी काढली. दीड वर्स जपलेली.
माह्या जुन्या सिमचा नंबर.
तो साहेब मीच होतो. गोठ्यात उभा राहून, नाक दाबून. जेवताना सांगू म्हनलं होतं, मजाक हाय. पन ते तं तशीच पयल्या एसटीनं एकटी भंडाऱ्याले गेली अन् केस मागं घेऊन आली. पेढे आनले. पेटीची जागा सारवली. सोमवारी दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसली. मी कायले सांगतो मंग!

२० ऑगस्ट
मंदिराबाहेर बेबीबाईची एक चप्पल अन् सरपंचाची एक — जोडी लावून ठेवली. मजा नाई आली.

४ सप्टेंबर
वकिलाचा फोन. नंबर कोनाचा ते काढाले अर्ज देतो म्हने. कंपनीचा मानूस सापडला तं मोठमाय जिंकली! लय खुश. मी म्हनलं, हो सर.
चूप ऱ्हालो तं नंबर आमच्याच गावात, दिघोरीत निघते. मंग लोक म्हनतील, घरच्याच पोट्ट्याकडून नाटक करवलं, म्हंजे इकलीच पेटी. सांगतलं तं माही हजामत.

८ सप्टेंबर
सांगतलं. मोठमाय तांदूळ पाखडून राहिली होती. मी साहेबाच्या आवाजातच सुरू केलं — "माताजी, आपकी पेटी..."
हात थांबला. वाटलं, सूप फेकून मारते.
नाई. म्हने, "त्या सोमवारी मी उपाशी बसली होती. तू दोनदा इचारून गेला, मोठमाय जेवली का."
"हो."
"अन् तवा बी नाई सांगतलं."
बस. मंग पुन्हा तांदूळ.

१५ सप्टेंबर
अफिडेविट. "मी मोनू, वय २१, धंदा शेती, लिहून देतो की फोन मीच केला." वकील म्हने, "कंपनीनं नाई फसवलं तरी बाई तं फसलीच ना. चालून जाईल." बाबानं वकिलाच्या हापिसातच एक कानाखाली देली. वकील कारकुनाले म्हने, "हे नोको लिहू."

१० ऑक्टोबर
आयोगातल्या मॅडमनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेच ते साहेब का?" म्हने, आवाज काढून दाखव. काढला! कंपनीचा वकील बी हासला. मोठमाय नाई हासली.
केस उभी झाली. कंपनीले सांगतलं — सगळी गोदामं पाहा अन् लेखी द्या.
येताना मोठमाय एसटीत माह्या बाजूले नाई बसली.

२ नोव्हेंबर
धान कापनं सुरू. मोठमाय माह्यासंग बोलते आता — बाजूले सर, मीठ दे, पानी आन. एवढंच.
बेबीबाईनं गावभर केलं, "पोट्टं बी तिचंच, फोन बी तिचाच." टाळ बी बंद केला मोठमायनं. मंडळात जात नाई.

२१ नोव्हेंबर
आमी जेवून राहिलो होतो. मोठमायचा फोन वाजला. तिले स्पीकरवरच घेता येते.
"माताजी, आपकी पेटी मिल गयी है. गोदाम में थी. आप केस वापस ले लीजिये."
शब्दन् शब्द माहे!
मोठमायनं माह्याकडे पाहिलं. माहा हात भातात, तोंड भरलेलं. माहा फोन तिकडं चार्जिंगले.
मंग फोनले म्हने, "बजाके दिखाव."
"जी?"
"तीसरी काली. दबाव."
तिकडं कोनीतरी हवा भरली. कोनीतरी पट्ट्या मोजल्या, एक, दो.
खर्र.