तिसरं कडवं

कोपनहेगन, १४ मार्च

प्रिय इंगर,

तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो. डोर्टे फोनवर म्हणाली की तू काठी वापरतेस, पण फक्त घरात, म्हणजे शेजाऱ्यांना दिसायला नको. ऐकून बरं वाटलं; तुझी लेक तुझ्याबद्दल काय काय सांगते याचा तुला पत्ता नाही. माझं ठीक आहे. रक्तदाब आहे, दात आहेत, थंडी अजून हटत नाही आणि बागेतल्या लाकडी खोपटाचं छत गळतंय. झालं माझं खुशालीचं.

तुझ्या सत्तरीचं आमंत्रण पोचलं. फळांच्या वाडग्याला टेकवून ठेवलंय. खाली डोर्टेच्या अक्षरात ओळ आहे, 'मामा, पेन्सिल घरी ठेवून या.' महिनाअखेरपर्यंत कळवायचंय ना? ते पत्राच्या शेवटी लिहितो. आधी दुसरं सांगतो.

मी लेखनाच्या वर्गाला जातो. हस पोटभर. जन्मभर शाळेत पोरांचे निबंध तपासलेला माणूस म्हातारपणी निबंध लिहायला शिकतोय. दर मंगळवारी संध्याकाळी, आमच्या वाचनालयाच्या माडीवर. वर्ग कसला, जखमी पाखरांचा दवाखाना आहे तो. शिकवणारी पोरगी टिल्डे नावाची. माझे काही स्वेटर तिच्याहून जुने आहेत. तिचं एक पुस्तक आलंय, फार पातळ. पण वर्गाला नियम मात्र असे घालून दिलेत की आमच्या हेडमास्तरांनी टोपी काढावी.

नियम ऐक. कुणी काही वाचलं की आधी चांगलं काय ते सांगायचं. 'लेखन कुठे चमकतं' असं ती विचारते. मग एखादी सुधारणा, तीही 'मला असं वाटलं' म्हणून. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. 'तू' म्हणायचं नाही, 'कथेतला मी' म्हणायचं. आणि शेवटचा नियम सगळ्यात कडक: 'पण हे खरंच घडलंय' असं म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने पुढच्या मंगळवारी केक आणायचा.

फ्लेमिंग नावाचा एक निवृत्त दातांचा डॉक्टर आहे. तो एका जहाजाच्या कप्तानावर कादंबरी लिहितो. कप्तानाचे दात उत्तम आहेत. पटण्यासारखं त्यात एवढंच. वादळ आलं की कप्तान डोळे मिटून बायकोला आठवतो आणि जहाज आपलं आपण चालतं. कुणी शंका काढली की फ्लेमिंग लाल होतो. "पण माझे आजोबा खरंच असे वाचले होते!" की झाला केक. बदामाचा. त्याच्या बायकोला एव्हाना आम्हा सगळ्यांचा राग आला असेल.

बोडिल नावाची एक विधवा मांजरावर कविता करते. मांजर खिडकीत बसतं आणि ऋतूंकडे बघतं. गेल्या पानगळीपासून ते तिथून हललेलं नाही.

मलाही चांगलं बोलावं लागतं. पहिल्या वेळी टिल्डेने विचारलं, "एगोन, तुला फ्लेमिंगचं लेखन कुठे चमकलं?"

म्हटलं, "समास छान सोडलाय."

"आणखी काही?"

"पानांचे आकडे क्रमाने आहेत."

बोडिल फिसकन हसली, मग तिने नियम आठवून तोंडावर हात धरला. टिल्डे शांतपणे म्हणाली, "आपण इथे एकमेकांना उभं करतो, एगोन." मी म्हटलं, ज्याला पाय नाहीत त्याला उभं करायचं म्हणजे कुणीतरी कायम धरून बसायला हवं. त्यावर कुणी हसलं नाही. या वर्गात विनोद कळणारे लोक नाहीत.

तू विचारशील, एवढा तिटकारा आहे तर जातोस कशाला? वेळ जात नाही म्हणून. मी सगळ्यांना हेच सांगतो. डोर्टेलाही हेच सांगितलं होतं, जेव्हा तिने नाताळात फोन करून विचारलं, "मामा, आईच्या सत्तरीचं गाणं तुम्ही लिहाल का? आता बाबा नाहीत." मी हो म्हणालो. का म्हणालो देव जाणे. तेव्हापासून बसतो आहे. तुझ्यावर एक ओळ होत नाही, इंगर. वृत्त होतं, यमकं होतात, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं होतं, आणि वाचलं की वाटतं हे कुणाही बाईला चालेल.

तुझ्या लाउस्टच्या गाण्याचं तसं नव्हतं. ते दुसऱ्या कुठल्याही बाईला चाललं नसतं.

तर आता आलाच तो विषय. तुझी साठी. गावच्या सभागृहात दीडशे माणसं, डुकराचं भाजलेलं मांस, प्रत्येक ताटाजवळ लाल दोऱ्याने गुंडाळलेला, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्याचा कागद. लाउस्टने आयुष्यात पहिल्यांदा गाणं लिहिलेलं. 'इंगर'ला 'फिंगर'चं यमक! पहिलं कडवं जेमतेम, दुसरं बरं, आणि तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीत सरळ दोन अक्षरं जास्त. चालीवर बसतच नव्हतं ते. मी खिशातून पेन्सिल काढली. माझ्याच कागदावर, माझ्याच पुरती, ती ओळ सरळ केली. सवयच ती. शेजारच्या तुझ्या नणंदेने बघितलं, तिला ते आवडलं, तिने आपल्या कागदावर उतरवलं, आणि कागद टेबलाटेबलावरून पुढे गेले. मी काही त्यांना पाठवलं नव्हतं.

पुढचं तुला माहीतच आहे. तिसरं कडवं आलं आणि अर्धं सभागृह माझी ओळ म्हणायला लागलं, अर्धं लाउस्टची. मध्येच दोन्ही एकमेकांवर आपटल्या. लोक हसायला लागले. लाउस्ट तुझ्या शेजारी उभा होता. तो म्हणायचा थांबला. त्याने कागदाची नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून तुमच्या गावात माझं नाव 'पेन्सिल' पडलं आणि तुझ्या घराचं दार मला बंद झालं.

तू एकदाच लिहिलंस, लाउस्ट गेल्यावरच्या नाताळाच्या कार्डावर, एकच ओळ. 'त्याला पोचवायलाही तू आला नाहीस.'

परवाच्या मंगळवारी वाचायची माझी पाळी होती. दोनदा चुकवली होती, आता सुटका नव्हती. मी दोन पानं वाचली. त्यात एक माणूस पहाटे उठून बागेत जातो, गर्द लाल डेलियाची फुलं कापतो, ओल्या कागदात गुंडाळतो आणि पूल ओलांडून, सबंध देश आडवा कापत बहिणीच्या लहानशा गावच्या चर्चला येतो. मेव्हण्याच्या दफनाला अजून वेळ असतो. आत फक्त फुलं मांडणारी बाई. मधल्या वाटेवर दोन्ही बाजूंना गुच्छ, प्रत्येकाला कार्ड. तो आपला गुच्छ शवपेटीजवळ ठेवतो. कार्ड लिहिलेलं असतं, खिशात असतं, पण तो ते लावत नाही. बाहेर येऊन भिंतीशी उभा राहतो. लोक येऊ लागतात. दोघेजण त्याच्याकडे न बघता बोलत जातात, "पेन्सिल येणार आहे का?" "आला तर भजनाच्या कागदात चुका काढेल." हसतात. तो गाडीत जाऊन बसतो. चर्चची घंटा होते, आतून पहिलं भजन ऐकू येतं, आणि तो परत फिरतो.

मी कागद खाली ठेवले. नियमाप्रमाणे तोंड बंद.

टिल्डे म्हणाली, "कुठे चमकतं?" बोडिल म्हणाली, "डेलिया छान आहेत."

मग फ्लेमिंगने घसा साफ केला. कप्तानाचा हिशेब चुकता करायची ही संधी तो कशी सोडेल? "मला असं वाटलं की हे पटत नाही. इतक्या लांबून गाडी हाकत येईल आणि दाराशी येऊन परत जाईल? असा माणूस नसतो. कथेतला मी जरा बावळट वाटतो."

"आणि कार्ड," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "लिहिलेलं कार्ड कोण खिशात ठेवतं? हे रचलेलं वाटतं."

टिल्डे माझ्याकडे न बघता, फार हळुवारपणे म्हणाली, "मला डेलियाबद्दल जरा शंका आहे. ते कंद त्या मेलेल्या माणसानेच पूर्वी पाठवलेले, असं एका ओळीत येतं. एवढा योगायोग कथेला पेलत नाही. तो भाग काढला तर?"

काढला तर! इंगर, हे तुलाही माहीत नाही. तुझ्या साठीनंतरच्या वसंतात मला एक खोकं आलं. पाठवणारा लाउस्ट. आत तुमच्या अंगणातल्या डेलियाचे कंद, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आणि वर्तमानपत्राच्या कडेला त्याच्या त्या शेतकरी अक्षरात लिहिलेलं, 'यांना यमक लागत नाही.' एवढंच. मी त्याला काही कळवलं नाही. काय कळवणार होतो? कंद लावले. दर पानगळीत उकरून काढतो, वाळूत ठेवतो, वसंतात परत लावतो. त्याच्या शवपेटीजवळ ठेवली ती त्याचीच फुलं होती.

आणि हे लोक म्हणतात, काढला तर. दातांचा डॉक्टर म्हणतो, असा माणूस नसतो. मी आजवर अशा किती पोरांना 'पटत नाही' म्हणून शेरा मारला असेन, पण तो मुद्दा इथे नको. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "पण हे खरंच घडलंय!"

फ्लेमिंगच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "केक," तो म्हणाला.

बोडिल हसली नाही. तिने चष्मा काढला. "माझा नवरा गेला तेव्हा," ती म्हणाली, "मी नंतर सगळी कार्डं गोळा केली. प्रत्येकाला आभाराचं पत्र घातलं. एक गुच्छ बिनकार्डाचा होता. मला त्याचा इतका राग यायचा! वर्षभर मी दुकानात, रस्त्यात, दिसेल त्याच्या तोंडाकडे बघायचे, हा असेल का, ही असेल का. ज्याचे आभार मानायचे राहिले ते माणूस कोण, ते मला अजून कळलेलं नाही."

टिल्डे म्हणाली, "बोडिल, आपण कथेबद्दल—"

"कथेबद्दलच बोलतेय. शेवट नाहीये तिला." आणि माझ्याकडे वळून, 'तू' म्हणायला बंदी असताना म्हणाली, "ती बहीण जिवंत आहे ना? मग तिला सांग की. आम्हाला काय वाचून दाखवतोस?"

मांजरावर कविता करणारी बाई. सबंध वर्षात त्या माडीवर कुणी कामाचं काही बोललं असेल तर ते हे. मी कागद गोळा केले आणि निघालो.

तर सांगतोय. मी आलो होतो, इंगर. शवपेटीच्या डाव्या हाताला, डोक्याच्या बाजूला, गर्द लाल फुलं, बिनकार्डाची. तू बघितली असशील. तूही कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत फिरली असशील, तर आता थांबव. लाउस्टची मला फार आठवण येते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला हक्क लागतो आणि तो मी त्या सभागृहात घालवून बसलो.

आता आमंत्रणाचं. मी येतो. गाणं मात्र माझ्याच्याने होत नाही, हे तूच डोर्टेला सांग. माझं एक मागणं आहे. लाउस्टचंच गाणं पुन्हा म्हणा. माझ्याकडे त्या दिवशीचा कागद आहे, पण तो उपयोगाचा नाही, मी त्यावर खरडलंय. लाउस्टच्या कोटातली ती घडी तू टाकून दिली नसशील. तिच्यावरून छापून घ्या. एक अक्षर बदलू नका.

तिसरं कडवं लंगडं आहे, हे माझं मत कायम आहे. दुसऱ्या ओळीत सगळं सभागृह अडखळणार. अडखळू दे. मला ती ओळ त्याने लिहिली तशीच पाठ आहे आणि मीही तिथेच अडखळणार आहे, मोठ्या आवाजात.

पुढच्या मंगळवारी मला केक न्यायचाय, आणि तो कसा करतात याची मला काडीची माहिती नाही. तुझ्या सफरचंदाच्या केकची कृती उलटटपाली पाठव. फ्लेमिंगला बदामाचा देणार नाही, त्याने तो बिघडवून ठेवलाय.

तुझा, आणि या वेळी खाली नाव घालून,

एगोन