खिशातले हात

ओडेल तलाव, जुलै

प्रिय बाबा,

डोंगरातल्या गारठ्यातून तुमच्या मार्नीचा नमस्कार. मी मजेत आहे, बोटीत तुमचा लोकरी सदरा घालते. आईचा गुडघा कसा आहे?

कालचं सांगते. पाहुण्यांना कोकॅनी मासे मिळवून देणं हे माझं काम, आणि सकाळपासून एकही लागला नव्हता. गुलाबी गळ, त्याच्या पुढे माशाला भुलवणारा चकाकता पत्रा, लसणात मुरवलेला मका, सगळं तुम्ही शिकवलंत तसंच होतं. काठी मी अगदी स्थिर धरली होती.

बोटीची मालकीण लोर्ना ओरडली, "अगं, पुतळा आहेस का? मासा गळामागे नुसता फिरत येतो. गळ थरथरला तरच झडप घालतो. हलव की हात!"

मी हात मुद्दाम थरथरवला. पाच मिनिटांत काठी वाकली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मला मान वर करवेना.

गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांसमोर मी तुमच्या हातातून काठी काढून घेतली होती. "राहू द्या बाबा, तुमचा हात कापतो, मासे पळतात." तुम्ही दोन्ही हात खिशात घातलेत, ते दिवसभर बाहेर काढले नाहीत.

खरं तर तोवर मिळालेले चारही मासे तुमच्याच काठीला लागले होते. मला एकही नव्हता, म्हणून मी चिडले होते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

ऑगस्टअखेर घरी येते. तुमची जुनी लवचीक काठी पुसून ठेवा. बोट मी चालवीन. हात तेवढे खिशातून काढा, बाबा.

तुमचीच,
मार्नी