बॅन्डवाल्याला पोरगी नाही

कलकत्ता, मार्च १९८४

वत्सलाताईस सुधाकरचा जय भीम.

मी ठीक आहे, दोन वेळ जेवून राहिलो. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा खोकला कसा आहे?

सावरगावचे गुरुजी म्हणाले म्हणे, "कॉलेज सोडून बॅन्डमध्ये गेलेल्याला माझी कुंदा देत नाही." अगं, तो वरातीचा बॅन्ड नाही, हॉटेलातला जॅझ आहे, सुटाबुटात मी माझीच गाणी गातो, असं मी तुला लिहिलं होतं. दिवाळीपर्यंत ते खरं होतं. मग मालकानं टेपरेकॉर्डर आणला आणि म्हणाला, "आता तू याची बटणं दाब." मी तो जमिनीवर आपटला, आणि हॉटेलातलं काम गेलं.

कुंदासाठी केलेलं गाणं तिथं एकदाच गायलो. शब्द कोणाला समजले नाहीत, तरी लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

ताई, तू एकटी सावरगावला जा. तिला म्हण, वर्षभर थांब. नाही म्हणायचं तर तिनं स्वतः म्हणावं, बापाच्या तोंडून मी ऐकणार नाही.

गुरुजींना मात्र काही सांगू नको. काल लाल कोट घालून मी पहिल्यांदा वरातीत गायलो. दारात नवरी उभी होती. माझ्यानं मान वर करवली नाही.

तुझ्या उत्तरावर जगणारा,
सुधा