काजूच्या चिकाला पाणी लावलं

आये,

काजूचा चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो, हे तुला कुणी शिकवलं?

मला माहीत नाही. प्रश्न तुझ्या नातीचा, मैत्रीचा आहे. काल ओटीवर बसून तिने विचारला, तेव्हा तिचा उजवा डोळा अर्धा मिटलेला होता आणि गालावर खोबरेल तेल चोपडलेलं होतं. मी म्हटलं, ठाऊक नाही गो. तर म्हणाली, "तू तर बी.एस्सी. झालीयस ना!"

हसायला हवं होतं मी. मला रडू आलं, म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

तू गेलीस त्याला तिसरं वर्ष चालू आहे आणि मी तुला कधी एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, मग कशाला लिहायचं, असं वाटायचं. आज मात्र दुसरं कुणी नाही, ज्याला हे सांगता येईल. शनिवारी दादा मुंबईहून लेकीला भेटायला येतोय. आज गुरुवार. मला फार भीती वाटतेय, आये.

तुझी नात माझ्याकडे कशी, ते तुला कुठे माहीत आहे! तिसरीत असताना गणिताच्या बाईंनी तिला फळ्याजवळ उभं केलं. सातचा पाढा मध्येच अडकला, वर्ग हसला. एवढंच. पण त्यानंतर रोज सकाळी उलट्या. रविवारी नाही, सुट्टीत नाही, फक्त शाळेच्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. गेल्या मे महिन्यात वहिनी तिला इथे घेऊन आली तेव्हा पोरीच्या गळ्याची हाडं दिसत होती.

मी दादाला म्हटलं, एक वर्ष दे. चौथीचं सगळं मी घरीच शिकवते, हाताने करून. जूनमध्ये तिला इथल्याच शाळेत पाचवीला बसवू.

दादा फोनवर केवढ्याने बोलला! "आपल्या घरात पहिल्यांदा कॉलेज कोण शिकला तर तू. आणि तूच पोरीला शाळेतनं काढायला सांगतेस?"

वहिनीच मध्ये पडली. "वर्षाचा तर प्रश्न हाय. सकाळचे दोन घास तरी पोटात ऱ्हातील."

"ठीक हाय," दादा म्हणाला, "पण पोरीला काय झाला तर मी दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन जाईन. मग मना अडवायचा नाय."

हे त्याचं वाक्य मी वर्षभर पोटात घेऊन फिरले.

तशी मजा किती केली म्हणून सांगू! चुलीमागे पडलेला चिऱ्याचा तुकडा आम्ही सुका तोलला, दिवसभर बादलीत बुडवला, पुन्हा तोलला. वजन वाढलं! दगड पाणी पितो यावर मैत्रीचा विश्वासच बसेना, तीन वेळा तोललं तिने. गवंड्याकडची पारदर्शक नळी मागून आणली, तिच्यात पाणी भरलं, आणि आपली ओटी विहिरीच्या बाजूला दोन बोटं खाली उतरलीय, हे शोधून काढलं. दारातल्या पोफळीची उंची सावलीवरून काढली. भाकरीचा अर्धा, पाव, पावाचा अर्धा. तो आठवा हिस्सा तिने चटणी लावून खाल्ला आणि विचारलं, "आता सात उरले ना?" सातचा पाढा कधी यायला लागला ते तिलाही कळलं नाही. उलट्या श्रावणातच थांबल्या होत्या.

आमची एक वही आहे. जमलेला प्रयोग निळ्या पेनाने, चुकलेला लाल पेनाने. चुकलेला लिहायचाच, असा नियम मीच केला. मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "विज्ञानात चूक लपवायची नसते, मैत्री."

पण संध्याकाळी वंदना म्हणायला तुझ्या फोटोपुढे बसलं की मनात यायचं: शाळेत एका मास्तरचं चुकलं तर दुसरा असतो, वर हेडमास्तर असतात. माझ्या वर कोण होतं? मी जे सांगीन ते त्या पोरीला खरं. मी एखादी गोष्ट चुकीची धरून बसले असेन तर तिला कोण सांगणार?

आणि झालं तसंच.

तुला आठवतं, तू काजूच्या कारखान्यातून आल्यावर सांगायचीस, तो मुठीचा खेळ मी खेळायचे? नंतरच्या वर्षांत तुला काजूचे गर निवडायला बसवायचे. मोठा गर वेगळा, मधला वेगळा, बारीक वेगळा. एका पौंडात जितके गर बसतील, तो त्या मालाचा आकडा. तुला शंभरापुढे मोजता येत नव्हतं, पण डोळे मिटून मूठभर गर उचलायचीस आणि सांगायचीस, "हा दोनशेचाळीसचा. हा तीनशेवीसचा." मुकादम तोलून बघायचा, हसायचा आणि पुढे जायचा.

मला हे मैत्रीला दाखवायचं होतं. सरासरी, वजन, अंदाज, सगळं एका मुठीत! मागच्या रविवारी घरामागच्या परड्यातल्या झाडाच्या ओल्या बिया काढल्या. म्हटलं, गर आपणच काढूया, म्हणजे बी आतून कशी असते तेही कळेल. दोन सुऱ्या, एक ताट. मैत्रीने बारा बिया चिरल्या. मी वहीत आकृती काढत होते. हात चिकट झाले तेव्हा मी म्हटलं, "जा, साबण लावून खळखळून धुऊन ये."

तिने धुतले. चीक गेला नाही, तर घासघासून धुतले. चीक बोटांवरून मनगटावर गेला. त्याच ओल्या हातांनी तिने तोंड पुसलं.

त्या दिवशी काही झालं नाही. सोमवारी सकाळी मी तिला उठवायला गेले तर तिचा चेहरा ओळखू येईना. पापणी सुजून डोळा बंद. गालावर, मनगटावर पाण्याचे फोड. "आते, ह्या डोळ्याला उजेड दिसत नाय," एवढंच म्हणाली, आणि मी तिला तशीच उचलली. लांज्याच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात मी तिचा हात धरला होता की तिने माझा, सांगता येणार नाही. सगळ्या रस्त्याने एकच विचार: दादाची एकुलती एक पोर आणि मी तिचा डोळा घालवला.

डोळा वाचलाय, आये. डॉक्टरांनी पापणी उघडून टॉर्चने पाहिलं. आत गेलेलं नाही म्हणाले. फोड सुकतील, डाग महिनाभर राहील. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इथल्याच ना तुम्ही? आणि चिकाला पाणी लावलंत?"

तेव्हापासून मी दादाशी खोटं बोलतेय. रोज सात वाजता तो व्हिडिओवर पोरीला बघतो. मी सांगितलं, रेंज नाही, नुसतं बोलून घे. सोमवारी हेच, मंगळवारी हेच, कालही हेच. मैत्रीला म्हटलं, बाबाला उगाच काळजी लागेल, एवढ्यात सांगू नको. ती कूस बदलून झोपली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी सुमनमावशी आली. तुझ्या शेजारी पाट टाकून इतकी वर्षं बिया फोडल्या तिने. मैत्रीचा चेहरा बघून दारातच थांबली.

"काय झाला गो हिला?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "राख नाय लावलीस? तेल नाय? अगो, पोटातल्या पोराला पण कळतंय हा! तुझ्या आयशीने तुला शिकवला नाय?"

"नाही," मी म्हटलं.

मग ती उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, "खरा हाय. ती तुला शिवूच देत नव्हती."

देत नव्हतीस ना, आये! मी काजूच्या सुरीला हात लावला की तू ओरडायचीस, "लांब हो, बाय! तुझा हात पेनाचा हाय." तुझी बोटं कायमची काळी. पेरांची सालं निघालेली. पालकसभेला आलीस की हात पदराखाली ठेवायचीस, आणि मला बरं वाटायचं, की कुणाला दिसले नाहीत. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. मला तुझ्या हातांची लाज वाटायची.

पण तुझंही थोडं चुकलंच. मला चिकापासून लांब ठेवलंस ते ठीक, पण राखेपासून कशाला लांब ठेवलंस? नुसतं बघू दिलं असतंस! घरात राखेची वाटी होती, तेलाची वाटी होती, मी रोज बघत होते, आणि मला वाटायचं राख भांडी घासायला, तेल डोक्याला. तेलात विरघळणारं पाण्यात विरघळत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले, पण घरातल्या दोन वाट्या त्याच्यासाठीच आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. की मी विचारलं नाही?

बुधवारी मैत्रीचा डोळा अर्धा उघडला. पहिली गोष्ट तिने काय केली असेल? दोन जुन्या काचा मागितल्या. "मी हात नाय लावणार. तू चीक लाव." एकीवर पाणी, दुसरीवर तेल. पाण्याच्या काचेवरचा डाग तस्साच, तेलाच्या काचेवरचा कापसाने पुसून निघाला. ते बघून तिने तो तुझ्याबद्दलचा प्रश्न विचारला. हाताची सालं गेलेली पोर, आणि तिला भीती नाही! मी मात्र काच चिमट्याने धरली होती.

मग तिने वही काढली. काचांचा प्रयोग निळ्या पेनाने लिहिला. मग लाल पेन उचललं आणि माझ्याकडे बघत थांबली.

"आते, रविवारचा लिहायचा की नाय? बाबा शनिवारी वही बघंल."

काय सांगू तिला? लिहू नको म्हटलं तर वर्षभर जे शिकवलं ते सगळं खोटं. लिही म्हटलं तर दादा वही मिटेल, तिची पिशवी भरेल, आणि पुढच्या महिन्यापासून मुंबईच्या शाळेपायी पुन्हा सकाळी मोरीत वाकलेली ती पोर. मी म्हटलं, उद्या बघू.

आज सकाळी उठून मी सुमनमावशीकडे गेले. म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, "आता गो कशाला? आता आयशीचा जीव दुखंल वर." तरी पाट दिला. आधी तेल, मग राख, बोटांच्या बेचक्यांत नीट. बी आडवी धरायची, पोटाला सुरी लावायची, चीक आपल्या अंगावर न येता पलीकडे जाईल अशी. पन्नास बिया फोडल्या. पहिल्या विसांचे गर तुटके. मावशी म्हणाली, "बी.एस्सी.चा गर असाच निघतो वाटतं." शेवटचे दहा अख्खे निघाले. राख लावूनही बोटांच्या टोकांना थोडा चीक लागलाच. आता लिहितानाही टोकं काळी दिसतायत. चुरचुरतं. तुला रोज असं चुरचुरायचं?

आये, एक वचन देते. जे मी माझ्या हाताने केलेलं नाही ते त्या पोरीच्या हातात देणार नाही. आणि मला भीती वाटते म्हणून तिला गप्प बसायला लावणार नाही. शनिवारी दादा आला की त्याला मी स्वतः

थांब. शनिवारपर्यंत कशाला?

पेन खाली ठेवलं होतं. आता पुन्हा लिहायला बसलेय, मध्ये अर्धा तास गेला. बोटं चुरचुरतायत म्हणून अक्षर बिघडलंय, समजून घे. तुला अक्षर कळत नव्हतं, तरी माझं बिघडलेलं तुला बरोबर ओळखू यायचं.

मैत्रीला हाक मारून म्हटलं, लाल पेन घे, रविवारचं सगळं लिही, चूक कुणाची तेही लिही. तिने लिहिलं, "आतेला माहीत नव्हते. मीपण विचारले नाही." मग मी दादाला व्हिडिओ लावला. तो कामावर होता. आधी माझे हात दाखवले, मग पोरीचा चेहरा. रविवारपासूनचं सगळं सांगितलं, रेंजचं खोटंसुद्धा. मग मैत्रीने वही वाचून दाखवली.

दादा शनिवारी तिला घेऊन जाईल की नाही, मला अजून माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "हात परत दाखव."

मी दाखवले.

"आयेचे हायत," म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

तुझी,
बाय