हौसाचा निरोप

लोणावळा, गुरुवार, १३ फेब्रुवारी १९६४

गेल्या गुरुवारी सकाळी मी नामदेवला दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं. शिवणकाम त्याला मीच शिकवलं. आता तळेगावात त्याने पाच जणांचं शिवणघर काढलंय. मिळकत सगळ्यांना सारखी. मालक कोण म्हणून विचारलं, तर पाचही जण म्हणतात, "मीच की!"

"भाऊ, काजं करायला हौसामावशी हवी. इचारता का तिला?"

"ती न्हाई यायची," मी म्हणालो. माझ्याकडेच कामाला असलेली हौसा तेव्हा मागच्या खोलीत सदऱ्याची काजंच करत होती. तिला मी विचारलंही नव्हतं.

काम अडेल म्हणून खोटं बोललो का? नाही. सात वर्षं विहारात सम्यक आजीविकेवर, कुणाला न नाडता पोट भरण्यावर, बोलतोय मी. हा पोरगा एक शब्द न बोलता ती करून बसला. जळतो मी त्याच्यावर. तेव्हापासून वंदनेत चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की जीभ अडखळते. आणि मागून हौसाचा आवाज स्वच्छ येत असतो.

आज संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. काजातली सुई थांबली.

"कवा आलता?"

"आठ दिवस झाले. मीच नाही म्हणालो."

"लोकांस्नी शील शिकवताय, भाऊ, आन् मला इचारलंबी न्हाई?"

तिने हातातलं काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला. नेहमीसारखंच सुबक काज.

तळेगावच्या सकाळच्या गाडीची वेळ मीच तिला सांगितली.