शांघायहून परत आलेला डबा

रविवार, संध्याकाळ. मिल्टन कीन्स, इंग्लंड.

काल शांघायहून परतलो. लेकीने, ईशाने, सगळं दाखवलं. ढगांत घुसलेले मनोरे, नदीवरची रोषणाई, नागमोडी पुलाची बाग. राहतं घर तेवढं नाही. पाहुण्याला देव मानावं हे मीच तिला शिकवलं. देवाची जागा देवळात, म्हणून मला हॉटेलात ठेवलं असावं.

"बाबा, घर खूप लांब आहे. नेक्स्ट टाइम, प्रॉमिस."

लाडवांचा डबा तिने विमानतळावर माझ्याच बॅगेत परत घातला. "मी गोड सोडलंय. आईला सांगू नका."

गुडघ्यामुळे सुधा येऊ शकली नव्हती. आज चहा देताना विचारलंच.

"अहो, घर कसंय तिचं?"

"भरपूर उजेड आहे."

"आणि लाडू?"

"ओट्याशेजारच्या फळीवर ठेवलेत."

इतकं सराईत खोटं कधी शिकलो? डबा गाडीच्या डिकीत आहे. ईशा तिथे कुणासोबत राहते? की आम्हीच नकोसे झालो? मनोऱ्यांखाली उभं राहून हे विचारायला जीभ रेटली नाही.

खालून बेसन भाजल्याचा वास येतोय. पुढचे लाडू सुधा पोस्टाने पाठवणार आहे. मघाशी जिन्यातून हाक मारून घराचा पत्ता मागितला. तो माझ्याकडेही नाही.