उखर्डू आबांची दाढ

१२ एप्रिल
देवपुरात घर मिळालं! दोन खोल्या, गच्ची आणि संध्याकाळी पांझरा नदीवरून वारा. घरमालक तोताराम नाना सत्तरीचे, खाली एकटेच राहतात. भाडं सांगताना तेच लाजले. उद्यापासून कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी. पाच वर्षं मोबाइलवर पोकर खेळून पोट भरणाऱ्याला आता लोक सर म्हणणार. गेल्या वर्षी कायद्याने तो खेळ बंद झाला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. हेमांगीला वाटलं, कोणीतरी गेलं. तिला शब्द दिलाय, पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही. ती लेकीला, सपनाला घेऊन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, पारोळ्याला गेलीय. सणानंतर दोघी इथे येतील. सपना सहा वर्षांची, फोनवर श्वास न घेता बोलते. ऐकत बसावंसं वाटतं.

१५ एप्रिल
आखाजी आली की इकडे बापलेकही एका सतरंजीवर पत्ते कुटतात, कोणी नावं ठेवत नाही. संध्याकाळी खालून पत्ते पिसल्याचा आवाज आला आणि माझी बोटं शिवशिवली. बघून येऊ म्हणून उतरलो. नाना, शेजारचे उखर्डू आबा आणि डाळमिलमधला जीवन तीन पत्ती खेळत होते. पत्ते तेलकट, कडांना मळ. बोटांना चिकटले की सोडवावे लागत. पैसे लावले की पोलीस येतात, म्हणून इथे पैसे लावत नाहीत, असं नाना म्हणाले. आबांनी आपली दाढ लावली. मला थट्टा वाटली. एकच डाव खेळलो, जिंकलो. जित्याची खोड, दुसरं काय.

१६ एप्रिल
सकाळी जीभ कशाला तरी अडखळली. आरशात पाहिलं तर अक्कलदाढेमागे आणखी एक दाढ, पिवळी, किडकी, भोकात तंबाखू अडकलेली. कितीही चुळा भरल्या तरी दुसऱ्याच्या तोंडाची चव जात नाही. आबा ओट्यावर गालाला फडकं लावून बसलेत. मी मोरीत ओकलो. आणि ओकतानाही कालचा डाव आठवून मजा वाटत होती. शिसारी आली ती त्या मजेची.

१७ एप्रिल
दाढ परत घ्या म्हणून नानांकडे गेलो. ते शांतपणे अहिराणीत म्हणाले, "जितेल वस्तू परत कोनी लेत नही, भाऊ. खेळीसन हारनं पडस."
मग हरायलाच बसलो. हातात एक्का, राजा, राणी आले. पत्ते टाकून उठायला हवं होतं. उठलो नाही. जीवनच्या पायाचं नख जिंकलं.

१८ एप्रिल
माझ्या पायाच्या अंगठ्यावर ते काळं, जाड नख आलंय. खालून पू येतो. वास येतो.
आज नानांचे हात नीट पाहिले. दहा बोटं, दहा जणांची. एका करंगळीला अजून मेंदी आहे.

१९ एप्रिल, आखाजी
शेजारून पुरणपोळी, रस आला. त्या दाढेने चावायचं कसं? फेकून दिलं.
उद्या सपना येणार, म्हणून आज हरायचंच ठरवलं. पत्ते उचलले. तीन राजे.
नाना म्हणाले, "नख-दाढवर किती दिन खेळशी? घरना आवाज लाव."
कोणाचा, ते मला कळलं होतं. लगेच कळलं होतं. पण तीन राजे हातात घेऊन कोण उठतो? मी हो म्हणालो.
नानांनी तीन एक्के टाकले.

२० एप्रिल, सकाळ
हेमांगीचा फोन. सपना उठली, ओठ हलतात, आवाज नाही. डॉक्टरांना घशात काही दिसत नाही. आता जळगावला नेतायत. हेमांगी रडतेय, तुम्ही लगेच निघा म्हणतेय.
मी सांगितलं नाही. थू माझ्यावर.

दुपार
बॅग भरली. दाराशी आलो. खालून सपना बोलली—
"पप्पा, खाले ये. तुन्हा पत्ता वाटेल शेतस."
सपनाला अहिराणी येत नाही.

बस तीनला आहे. खाली माझे पत्ते वाटून ठेवलेत. पण आवाज इथे आहे, जळगावला नाही. जिंकूनच आणावा लागेल. एकच डाव. हल्ली पत्ते चांगले येतात मला, खरंच चांगले येतात— लावायला माझं काही घेणार नाहीत ते, घरच्यांचंच हवं, नानांनी विचारलंय, हेमांगीचे डोळे कसे— नाही. नाही म्हणून सांगेन. आधी पत्ते उचलतो, चांगले आले तरच—